मोजायला शिकवणारी दोन वर्षे : मुंबईतील एका व्यायामविज्ञान अभ्यासक्रमाचे परीक्षण

मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील एका महाविद्यालयातून मी व्यायामविज्ञानाचा दोन वर्षांचा एम.एस्सी. अभ्यासक्रम पूर्ण केला, त्याला आता वर्ष होत आले. प्राणिशास्त्रातील बी.एस्सी., त्यावर बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी आणि दादरच्या एका मराठी शाळेत क्रीडाशिक्षिका म्हणून ११ वर्षांची नोकरी, एवढी शिदोरी घेऊन मी बिनपगारी रजा काढली आणि वयाच्या ३८ व्या वर्षी पुन्हा बाकावर जाऊन बसले. दोन वर्षांचे शुल्क माझ्या नऊ महिन्यांच्या पगाराएवढे होते. तेव्हापासून शाळेतील सहकारी, मैदानावरचे जुने खेळाडू आणि नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलामुलींचे पालक मला एकच प्रश्न विचारतात : हा अभ्यासक्रम करावा का? प्रत्येकाला फोनवर अर्धेमुर्धे उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे, म्हणून हे परीक्षण. महाविद्यालयाचे नाव मी देत नाही, कारण येथे सांगितलेल्या उणिवांपैकी बऱ्याचशा मी इतरत्र शिकलेल्या ओळखीच्यांकडूनही ऐकल्या आहेत, आणि प्रश्न एका इमारतीचा नसून हा विषय शिकवण्याच्या पद्धतीचा आहे.

कायनेसिऑलॉजी, एक्सरसाइज सायन्स, स्पोर्ट्स सायन्स अशी या विषयाची नावे संस्थेगणिक बदलतात, पण गाभा तोच असतो : शरीर हालते कसे, त्यासाठी शक्ती कोठून आणते, सरावाने त्यात काय बदल होतात आणि हे सगळे मोजायचे कसे. आमच्या चार सत्रांत व्यायामाचे शरीरक्रियाशास्त्र, जैवयांत्रिकी, स्नायूंवरील मेंदूचे नियंत्रण, आहारशास्त्र, शरीरमापन, संख्याशास्त्र आणि शेवटी प्रबंध असे विषय होते. यांतील बहुतेक गोष्टी पुस्तकातून शिकता येतात, आणि आम्हीही त्या बऱ्याच अंशी पुस्तकातूनच शिकलो. महाविद्यालयात जाऊनच शिकता येते असे एकच आहे, ते म्हणजे माणसाच्या शरीराचे माप हाताने, यंत्राने आणि विश्वासार्हपणे घेणे. या अभ्यासक्रमाने मला ते शिकवले आणि त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. जिथे त्याने ते शिकवण्यात कसूर केली, तिथे माझी तक्रारही तेवढीच तीव्र आहे.

पहिल्या सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात आम्हाला प्रयोगशाळेत नेले. ट्रेडमिलशेजारी श्वासातील वायूंचे विश्लेषण करणारे यंत्र होते आणि त्याला जोडलेला मुखवटा. धावणाऱ्या माणसाचे शरीर दर मिनिटाला, दर किलो वजनामागे जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकते, हे हे यंत्र सांगते. ज्या ए. व्ही. हिल यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक स्नायूंतील उष्णतेच्या अभ्यासासाठी मिळाले, त्यांनीच त्या सुमारास धावपटूंवर प्रयोग करून या कमाल मर्यादेची कल्पना मांडली, हे मी बी.पी.एड.ला पाठ केले होते. पण चाचणीआधीची पाऊण तासाची तयारी मी तोवर कधीच पाहिली नव्हती. प्रयोगशाळेच्या मॅडमनी आधी खोलीचे तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब वहीत लिहिला. मग तीन लिटरची मोठी पिचकारी नळीला लावून एकदा सावकाश, एकदा मध्यम आणि एकदा जोरात अशी रिकामी केली, आणि प्रत्येक वेळी यंत्र तीनच लिटर दाखवते ना, हे पाहिले. त्यानंतर १६ टक्के ऑक्सिजन आणि ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या सिलिंडरमधील वायू यंत्राला ‘चाखवला’. हा शब्द मॅडमचाच. पावसाळ्याचे दिवस होते, नमुना ओढणाऱ्या बारीक नळीत ओल धरली होती, म्हणून ती बदलून सगळे पुन्हा पहिल्यापासून केले.

एवढा खटाटोप कशासाठी, हे त्यांनी फळ्यावर साध्या वजाबाकीने दाखवले. आत घेतलेल्या हवेत २०.९३ टक्के ऑक्सिजन असतो आणि जोराच्या व्यायामात बाहेर टाकलेल्या श्वासात तो साधारण १७ टक्क्यांच्या आसपास उरतो. आपल्याला हवा असतो तो या दोहोंतील चारेक टक्क्यांचा फरक. संवेदक केवळ ०.१ टक्क्याने चुकला, तरी तो ०.१ या चाराच्या तुलनेत मोजायचा असतो, आणि उत्तरातील चूक अडीच टक्क्यांच्या घरात जाते. सहा महिने घाम गाळून खेळाडूने कमावलेली सुधारणाही कधी कधी पाच टक्क्यांचीच असते. म्हणजे यंत्राची निगा राखली नाही, तर मेहनत कोणती आणि चूक कोणती हे कळायला मार्गच राहत नाही. त्या एका तासाने मी पुढे दोन वर्षे टिकून राहिले, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही.

आणि याच यंत्राबाबत माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. दुसऱ्या सत्रात तो सिलिंडर संपला. नव्याची मागणी कार्यालयात, तेथून खरेदी विभागात आणि तेथून पुन्हा सहीसाठी कार्यालयात फिरत राहिली. सिलिंडर यायला सात आठवडे लागले. त्या काळातील सर्व प्रात्यक्षिके आम्ही पडद्यावर चित्रफितींच्या रूपाने पाहिली आणि वहीत मात्र ती ‘केली’ अशी नोंद झाली. वर्गात आम्ही १८ जण आणि यंत्र एकच. दोन वर्षांत पूर्ण चाचणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः घेण्याची संधी मला चार वेळा मिळाली. माझ्याहून मागे राहणाऱ्या काहींना ती एकदाच मिळाली. पदवी मात्र सगळ्यांची सारखीच आहे. बलमापक पट्टाही होता, ज्यावरून चालताना पाऊल जमिनीला किती आणि कोणत्या दिशेने रेटते हे कळते. पण त्याच्या सॉफ्टवेअरचा परवाना संपलेला होता आणि आमची तुकडी बाहेर पडेपर्यंत त्याचे नूतनीकरण झाले नाही. त्यामुळे जैवयांत्रिकीबद्दल मला फार लिहिता येत नाही. स्लाइडवर बाण काढून शिकवलेले बल आणि घूर्ण, म्हणजे बलाचा फिरवणारा परिणाम, परीक्षेपुरते समजले, हातात आले नाही.

याउलट शरीरमापनाला फारशी यंत्रसामग्री लागत नाही, आणि म्हणूनच कदाचित तो भाग उत्तम झाला. दंडाच्या मागची त्वचेची घडी मोजायची, तर आधी खांद्याच्या हाडाचे टोक बोटाने चाचपून शोधायचे, मग कोपराशी असलेल्या हाडाची वरची कड, आणि टेपने या दोहोंचा मध्य काढून पेनने खूण करायची. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांत त्वचा व तिच्याखालची चरबी धरायची, स्नायू मात्र सुटलाच पाहिजे. बोटांपासून एक सेंटिमीटर अंतरावर कॅलिपर, म्हणजे घडीची जाडी मोजणारा चिमटा, लावायचा, त्याची पकड पूर्ण सोडायची आणि दोन सेकंदांनी आकडा वाचायचा. पहिल्या दिवशी एकाच मैत्रिणीच्या एकाच दंडाचे माझे तीन आकडे तीन दिशांना गेले होते. सरांनी ते तिन्ही आकडे फळ्यावर लिहून ठेवले, आणि सत्राच्या अखेरीस माझे तीन आकडे जुळू लागले तेव्हा त्यांनी ते जुने आकडे पुसून टाकले. स्वतःची चूक किती, हे आधी मोजून मगच दुसऱ्याचे माप घ्यायचे, ही सवय मला तिथे लागली.

पण घडी अचूक मोजली, तरी तिचे चरबीच्या टक्क्यांत रूपांतर करणारे सूत्र कोणाच्या शरीरावरून आले आहे, हा प्रश्न उरतोच. जगभर वापरले जाणारे डर्निन आणि वॉमर्स्ली यांचे १९७४ चे सूत्र ग्लासगो येथील ४८१ स्त्री-पुरुषांच्या मापांवरून बसवलेले आहे. आपल्याकडच्या शरीराचा बांधा वेगळा असतो, हे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील एका छोट्याशा लेखात स्वतःचेच उदाहरण देऊन दाखवले. त्यांचा आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी जॉन युडकिन यांचा, दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन सांगणारा आकडा, २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोघांची छायाचित्रे शेजारी शेजारी आहेत आणि पाहून फरक ओळखता येत नाही. सडपातळ दिसणाऱ्या मुंबईकराला मधुमेह कसा होतो, असा प्रश्न पडणाऱ्या प्रत्येकाला मी हे उदाहरण सांगते. आमच्या वर्गात ते सरांनी शिकवले, यासाठी त्यांना पूर्ण गुण. मात्र परीक्षेत आणि प्रात्यक्षिकाच्या वहीत ग्लासगोचेच सूत्र कोणत्याही टिपेविना वापरायला लावले, ही विसंगती मला शेवटपर्यंत खटकत राहिली.

पायरी-चाचणीतही हेच झाले. क्वीन्स कॉलेज चाचणीत ४१.३ सेंटिमीटर उंचीच्या बाकावर स्त्रियांनी मिनिटाला २२ वेळा आणि पुरुषांनी २४ वेळा, असे तीन मिनिटे चढ-उतार करायचे असते, आणि त्यानंतरच्या नाडीवरून क्षमतेचा अंदाज बांधायचा असतो. लालबागच्या एका सुतारकाकांकडून मी मापाचा बाक करून घेतला आणि शाळेतील शिक्षिकांवर सराव केला. माझी एक सहकारी १४८ सेंटिमीटर उंच आहे. तिचा गुडघा त्या बाकावर काटकोनापेक्षाही जास्त वाकत होता आणि प्रत्येक पायरीला ती कंबरेतून झुलत होती. तिच्या नाडीने सांगितलेली गोष्ट हृदयाची कमी आणि बाकाच्या उंचीची जास्त होती. ही चाचणी अमेरिकेतील महाविद्यालयीन तरुणींवर बेतलेली आहे, हे पुस्तकात लिहिलेले असते. पण ते खरे कळले ते बाकाशी उभ्या असलेल्या त्या बाईंकडे पाहून.

तिसऱ्या सत्रात सहा आठवडे एका रुग्णालयाच्या हृदयरुग्ण पुनर्वसन विभागात काम करायला मिळाले, आणि सबंध अभ्यासक्रमातील तो सर्वांत मोलाचा काळ होता. तेथील अनेक रुग्ण नाडीची गती मंद ठेवणारी औषधे घेत असतात, त्यामुळे नाडीवरून श्रमाचा अंदाज लागत नाही. म्हणून स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० आकड्यांची पट्टी वापरतात : श्रम किती वाटतात ते रुग्णाने स्वतः सांगायचे. निरोगी माणसात या आकड्याला १० ने गुणले की साधारण नाडीची गती मिळते, म्हणून ती सहापासून सुरू होते. भिंतीवर लावलेला तक्ता इंग्रजीत होता आणि समोर परळ-लालबागच्या आजी होत्या. १३ आकड्यासमोरील शब्दांचे भाषांतर आम्ही ‘काहीसे जड’ असे केले, तेव्हा एका आजींनी विचारले, ‘‘काय जड, बाई? पिशवी?’’

त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. आपल्या भाषेत थकण्याचे शब्द बारकाईने वेगळे केलेले आहेत. दम लागतो तो श्वासाचा. धाप लागते ती त्याच्या पुढची पायरी. पाय भरून येतात ते स्नायूंमुळे, आणि अंग गळून जाते ते साऱ्या शरीराचे. त्याच आजी एकदा सायकलवर असताना म्हणाल्या, ‘‘दम नाही लागला, पाय भरून आलेत.’’ तेव्हा मी पायडलचा भार कमी केला आणि व्यायाम चालू ठेवला. दोन दिवसांनी दुसरे एक काका ‘‘छाती भरून आल्यासारखी वाटते,’’ असे म्हणाले, तेव्हा तेथील ताईंनी क्षणात यंत्र थांबवून डॉक्टरांना हाक मारली. क्रियापद तेच, पण एक तक्रार रोजची आणि दुसरी धोक्याची. हा फरक मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवला नव्हता. एवढी सगळी सत्रे इंग्रजीतून घेणाऱ्या अभ्यासक्रमाने रुग्णाशी त्याच्या भाषेत कसे बोलावे, संमतिपत्रक मराठीत कसे लिहावे, चाचणी थांबवण्याच्या खुणा त्याला कशा समजावून सांगाव्यात, यासाठी चार तास तरी राखून ठेवायला हवे होते. मुंबईच्या रुग्णालयांत ही चैनीची गोष्ट नव्हे. रुग्णाची सुरक्षितताच त्यावर अवलंबून आहे.

शिकवण्याच्या दर्जाबद्दल सांगायचे, तर एक तास मी विसरू शकत नाही. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या वाहतूक सेवेतील सुमारे ३१,००० कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांना हृदयविकार जास्त, आणि दुमजली बसच्या जिन्यावर चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी, असे त्यात दिसले. शारीरिक हालचाल आणि हृदय यांच्या नात्याचा आधुनिक अभ्यास येथून सुरू झाला, असे मानतात. माझे बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. मी अभिमानाने हात वर करून ते सांगितले. सरांनी ते ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘पण मुळात धडधाकट माणसेच कंडक्टर होत असतील तर?’’ तासभर वाद झाला. शेवटी त्यांनी सांगितले की मॉरिस यांनाही हाच प्रश्न पडला होता, आणि १९५६ मध्ये त्यांनी कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे तपासली. चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर कंडक्टरांपेक्षा मोठा होता, अगदी तरुण वयातील चालकांचाही. शास्त्रज्ञ स्वतःच्याच निष्कर्षाला कसा तपासून पाहतो, हे मला त्या दिवशी समजले.

घरी येऊन मी बाबांना हे सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘अगं, आमच्या डबलडेकरवर दोन कंडक्टर असायचे. एक वर, एक खाली. तुझ्या लंडनच्या कंडक्टरासारखा मी कुठे दिवसभर जिना चढत होतो?’’ मुंबईत १९३७ पासून धावणाऱ्या आणि सप्टेंबर २०२३ मध्ये डिझेलवरील शेवटची गाडी निवृत्त झालेल्या त्या बसबद्दलची ही साधी माहिती आमच्या वर्गात कोणालाच नव्हती. दुसऱ्या दिवशी मी ती सांगितली, तेव्हा सरांनी ती आपल्या टिपणांत लिहून घेतली. चांगला शिक्षक म्हणजे काय, याचे याहून वेगळे उदाहरण माझ्यापाशी नाही.

याच सरांकडे असलेल्या, उष्ण हवेतील व्यायामाच्या विषयाला अभ्यासक्रमाने किती कमी वेळ दिला, हे मात्र आश्चर्याचे आहे. उष्णता आणि आर्द्रता यांत व्यायाम कसा करावा, यावर चार सत्रांत मिळून दोन तासांचे एकच व्याख्यान झाले. एक लिटर घाम त्वचेवरून वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो; पण मेच्या दमट दुपारी शिवाजी पार्कवर तो वाळतच नाही, नुसता ठिबकतो, आणि ठिबकलेला घाम शरीराला थंड करत नाही. अशा हवेला शरीर सरावायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. ज्या शहरात शाळांची उन्हाळी शिबिरे ऐन मे महिन्यात भरतात आणि मॅरेथॉन जानेवारीत असली तरी तिच्या सरावाची सुरुवात पावसाळ्यातच होते, तेथे या विषयाला महिनाभर द्यायला हवा होता. मी स्वतः ११ वर्षे मुलांना उन्हात पळवले आहे आणि त्यांतील काही दिवस आता आठवले की मला भीती वाटते.

संख्याशास्त्र बरे शिकवले. आहारशास्त्र वरवरचे होते. प्रबंधासाठी मार्गदर्शक चांगले लाभले, पण माणसांवरील संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीची बैठक लांबल्यामुळे प्रत्यक्ष मापनाला दहाच आठवडे उरले.

आता नोकरीविषयी. प्रवेशाच्या वेळी समुपदेशनात आम्हाला सांगण्यात आले होते की पदवीनंतर रुग्णालयांत ‘क्लिनिकल’ तज्ज्ञ म्हणून जागा मिळतात. प्रत्यक्षात रुग्णांवर उपचार करण्याचा अधिकार या पदवीने मिळत नाही. तो फिजिओथेरपीची पदवी आणि नोंदणी असलेल्यांकडे असतो, आणि आमच्या वर्गातील ज्यांना रुग्णालयात काम मिळाले ते सगळे आधीचेच फिजिओथेरपिस्ट होते. बाकीच्यांनी जिम, क्रीडा प्रशिक्षण केंद्रे आणि शाळा गाठल्या, किंवा ताकद व तंदुरुस्ती प्रशिक्षकाची परदेशी प्रमाणपत्र परीक्षा देण्याची वाट धरली. चौथ्या सत्रातील प्रशिक्षणासाठी माझ्यासह पाच जणांना एका व्यायामशाळेत पाठवले होते. तेथे सहा आठवडे आम्ही मुख्यतः स्वागतकक्षात बसून वार्षिक सदस्यत्वाची माहिती सांगत होतो. त्या व्यायामशाळेतील प्रत्येक ट्रेडमिलवर कमाल नाडीचे ‘२२० वजा वय’ हे सूत्र छापलेले होते. हे सूत्र १९७१ च्या एका लेखातील विखुरलेल्या माहितीवरून ढोबळपणे काढलेले आहे. २००१ मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी दिलेले ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ हे सूत्र वयस्करांसाठी अधिक जवळचे मानले जाते. माझ्या ६७ वर्षांच्या बाबांसाठी पहिले १५३ सांगते आणि दुसरे १६१. आठ ठोक्यांचा हा फरक मी तेथील व्यवस्थापकांना समजावून सांगितला. त्यांनी तो मनापासून ऐकला, आणि फलक बदलण्याचा अधिकार आपल्याकडे नाही असे सांगितले.

मी शाळेत परतले आहे. पगार तेवढाच आहे. पण मुलांच्या चाचण्या घेताना मी आता बाकाची उंची मुलांच्या उंचीप्रमाणे बदलते, प्रत्येक मोजमाप दोनदा घेते, आणि एप्रिल-मेमध्ये पळण्याचा तास सकाळी आठच्या आत संपवते. फिजिओथेरपिस्ट, डॉक्टर, क्रीडाशिक्षक किंवा प्रशिक्षक यांच्यापैकी ज्यांचे काम आधीच उभे आहे, त्यांनी हा अभ्यासक्रम जरूर करावा. त्यांच्या कामाला धार येईल. केवळ पदवीच्या जोरावर रुग्णालयात नोकरी मिळेल या आशेने कर्ज काढून येणाऱ्या मुलांना मात्र मी थांबायला सांगेन.

आणि ज्यांना प्रवेश घ्यायचाच आहे, त्यांनी माहितीपुस्तिकेतील प्रयोगशाळेच्या छायाचित्रावर समाधान मानू नये. प्रवेशाआधी एखाद्या कामाच्या दिवशी, दुपारी, प्रयोगशाळा पाहण्याची परवानगी मागावी. यंत्रे किती आणि विद्यार्थी किती, गेल्या वर्षी प्रत्येकाने स्वतः किती चाचण्या घेतल्या, प्रशिक्षणासाठी कोणत्या रुग्णालयात पाठवतात, हे सध्याच्या विद्यार्थ्यांना विचारावे. यंत्राच्या तपासणीची वही उघडून शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते पाहावे, आणि कोपऱ्यातील वायूच्या सिलिंडरवरचा काटा शून्यावर तर नाही ना, एवढे स्वतःच्या डोळ्यांनी बघून मगच शुल्क भरावे.